एक टोकन, तीन मिनिटं

बॉस्टनहून मोटारीने उत्तरेला निघालं की साधारण दोन तासांनी न्यू हॅम्पशायर राज्यातलं विनिपसॉकी सरोवर लागतं. उन्हाळ्यात इथे पोहायला, बोटी चालवायला माणसांची रीघ लागते. सरोवराकाठच्या लकोनिया शहरात, वीअर्स बीच भागात, 'फनस्पॉट'ची लांबरुंद इमारत आहे. आत बोलिंग आहे, बिंगो आहे, छोटं गोल्फ आहे, मुलांना बक्षिसाची तिकिटं देणारी नवी यंत्रं आहेत. पण ज्यांच्या ओढीने लोक लांबून येतात ती यंत्रं वरच्या मजल्यावर आहेत. तिथे दिवे मंद ठेवलेले असतात, १९८०च्या दशकातली गाणी लागलेली असतात आणि माणसाच्या उंचीची, बाजूंना रंगीत चित्रं असलेली लाकडी कपाटं ओळीने उभी असतात. पॅक-मॅन, डाँकी काँग, सेंटिपीड, अ‍ॅस्टरॉइड्स, गॅलगा. समोर कुणी नसलं तरी यंत्र गप्प बसत नाही. पडद्यावर स्वतःच खेळून दाखवतं आणि गिऱ्हाइकाला बोलावत राहतं.

या मजल्याचं नाव 'अमेरिकन क्लासिक आर्केड म्युझियम'. नाव संग्रहालयाचं असलं तरी इथे वस्तू लांबून बघायच्या नसतात. टोकन घालायचं आणि खेळायचं.

फनस्पॉटची गोष्ट व्हिडिओ गेमच्या जन्माआधी सुरू होते. १९५२ मध्ये बॉब लॉटन या एकवीस वर्षांच्या तरुणाने आजीकडून ७५० डॉलर उसने घेतले आणि सरोवराकाठी छोटं गोल्फ आणि पेनी आर्केड सुरू केलं. पेनी आर्केड म्हणजे नाणं टाकून चालवायच्या यांत्रिक खेळांचं दालन. व्हिडिओ गेम येण्यापूर्वी अमेरिकेतल्या जत्रांमध्ये आणि समुद्रकिनाऱ्यांवर अशी दालनं सर्रास असत. १९६४ मध्ये हा व्यवसाय आजच्या जागी आला. पुढे पडद्यावरचे खेळ निघाले, तेव्हा ते इथल्या जुन्या यंत्रांच्या शेजारी येऊन उभे राहिले.

ते टिकले कसे, हे समजायला त्या धंद्याची रीत ठाऊक हवी. आर्केडच्या मालकाला यंत्र म्हणजे कमाईचं साधन. एखाद्या खेळाचा गल्ला आटला की तो आतला सर्किट बोर्ड काढून नव्या खेळाचा बोर्ड बसवी, बाजूच्या चित्रांवर नवी चित्रं चिकटवी. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत आर्केडची लाट टिपेला गेली आणि लवकरच ओसरली. हजारो यंत्रं अशीच बदलली गेली, मोडीत निघाली किंवा गोदामात सडली. म्हणून मूळ कपाट, मूळ बोर्ड आणि खेळण्याचा मूळ दांडा एकत्र असलेलं यंत्र आज दुर्मीळ आहे. १९८१ पासून फनस्पॉटमध्ये काम करणाऱ्या गॅरी व्हिन्सेंट यांनी १९९८ मध्ये तिथली जुनी यंत्रं वेगळी काढून एकत्र मांडली आणि त्यातून हे ना-नफा संग्रहालय उभं राहिलं. आज तिथे अडीचशेहून जास्त यंत्रं आहेत, बहुतेक १९८७ किंवा त्याआधीची. २००८ मध्ये गिनीजने फनस्पॉटला जगातलं सर्वांत मोठं आर्केड म्हणून मान्यता दिली.

या जागेला नामवंत खेळाडूंनी प्रसिद्धी दिली. ३ जुलै १९९९ रोजी बिली मिशेल यांनी इथे पॅक-मॅनचा पहिला नोंदलेला 'परिपूर्ण' डाव खेळला. प्रत्येक ठिपका, प्रत्येक फळ, पकडता येण्याजोगं प्रत्येक भूत खाऊन, एकही लाइफ न गमावता सुमारे सहा तासांत ३३,३३,३६० गुण. पुढे मिशेल यांच्या विक्रमांवरून मोठा वाद झाला. गिनीजने २०१८ मध्ये ते यादीतून काढले आणि २०२० मध्ये पुन्हा नोंदले. डाँकी काँगच्या विक्रमासाठी त्यांची आणि स्टीव्ह वीबी या शाळाशिक्षकाची चुरस २००७ च्या 'द किंग ऑफ काँग' या माहितीपटात आहे, आणि त्यातला महत्त्वाचा भाग याच इमारतीत घडतो.

पण वरच्या मजल्यावर येणारे बहुसंख्य लोक विक्रमवीर नसतात. ते सरोवरावर सहलीला आलेले असतात, सोबत मुलं असतात, हातात मूठभर टोकनं असतात. लहानपणी खेळलेला एखादा खेळ कुणी शोधत असतो, तर कुणी आयुष्यात पहिल्यांदाच अशा यंत्रासमोर उभा असतो. अशा सहज म्हणून आलेल्या माणसाच्या वाट्याला काय येतं? पहिलं उत्तर असं, की तो हरतो. आणि फार लवकर हरतो.

नवख्याचा डाव दोन-तीन मिनिटांत संपतो. डिफेंडरसारख्या खेळात तर मिनिटभरही पुरेसं होतं. यात त्याचा काही दोष नाही. ही यंत्रं तशीच घडवली होती. अमेरिकेत एका डावाला २५ सेंटचं नाणं पडे. एकाच नाण्यावर कुणी अर्धा तास उभा राहिला तर यंत्राची किंमत कधीच वसूल झाली नसती. उलट वीस सेकंदांत हरवलं तर माणूस चिडून निघून गेला असता आणि परत आला नसता. या दोन टोकांच्या मधली वाट काढणं हीच या खेळांच्या कर्त्यांची खरी कसोटी होती. हरलेल्या माणसाला आपली चूक नेमकी कुठे झाली ते कळलं पाहिजे आणि पुढच्या वेळी ती टाळता येईल असं वाटलं पाहिजे. मालकाच्या सोयीसाठी बोर्डावर बारीक स्विच असत. किती लाइफ द्यायच्या, किती गुणांवर एक जादा द्यायची, खेळ किती अवघड ठेवायचा, हे त्यांवरून ठरवता येई. त्यामुळे एकच खेळ एका दुकानात सोपा आणि दुसऱ्यात अवघड लागे.

एवढं ठाऊक असलं की हरण्याची लाज उरत नाही, आणि मग हे खेळ किती नेमके रचले आहेत ते दिसू लागतं.

सुरुवात पॅक-मॅनपासून करणं चांगलं. नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये तो केला. त्या वेळी जपानी गेम सेंटरमध्ये बहुतेक अंतराळातल्या गोळीबाराचे खेळ असत आणि तिथे गर्दी पुरुषांची असे. मुली आणि जोडपीही खेळायला यावीत, म्हणून इवातानींनी खाण्याभोवती खेळ रचला. जपानीत मचमच खाण्याच्या आवाजाला 'पाकु-पाकु' म्हणतात, त्यावरून नाव आलं. यंत्रावर बटण नाही, फक्त चार दिशांना फिरणारा एक दांडा. चक्रव्यूहातले २४४ ठिपके खायचे, त्यांतले चार मोठे, आणि चार भुतांना चुकवायचं. भुतं नुसती धावत नाहीत, प्रत्येकाची चाल वेगळी आहे. लाल भूत सरळ पाठलाग करतं. गुलाबी भूत पॅक-मॅनच्या पुढची जागा धरून वाट अडवायला बघतं. निळ्याची चाल लाल भूत आणि पॅक-मॅन या दोघांच्या जागांवरून ठरते. नारिंगी भूत अंगावर येतं, पण फार जवळ आलं की वळून आपल्या कोपऱ्याकडे पळतं. ठरावीक वेळाने चारही भुतं पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांत जातात, तेवढ्यात खेळाडूला श्वास घेता येतो. एवढं ध्यानात ठेवून खेळणाऱ्याचा दुसरा डाव पहिल्यापेक्षा नक्की लांबतो.

या खेळाला मुद्दाम ठेवलेला शेवट नाही, तरी तो एका जागी संपतो. टप्प्याचा क्रमांक साठवायला जेवढी जागा ठेवली होती, तिच्यात २५५ च्या पुढचा आकडा मावत नाही. २५६ व्या टप्प्यावर गणित चुकतं, पडद्याच्या उजव्या अर्ध्या भागात अक्षरं आणि चिन्हं विस्कटतात, आणि टप्पा पुरा करण्याएवढे ठिपकेच उरत नाहीत. मिशेल यांचा डाव तिथवर पोचला होता. सहज आलेल्या खेळाडूला तिसऱ्या-चौथ्या टप्प्यापर्यंत मजल मारली तरी पुष्कळ.

दुसरं टोकन स्पेस इनव्हेडर्सला द्यावं. तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांचा हा १९७८ चा खेळ. अकरा-अकरांच्या पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी आडवे सरकत खाली उतरतात आणि खाली चार खोल सुरांचा ठेका चालू असतो. जसजसे ते मरतात तसतसा उरलेल्यांचा वेग वाढतो, ठेकाही वाढतो आणि खेळणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. हा वेग मुळात ठरवून आणलेला नव्हता. त्या काळच्या प्रोसेसरला पंचावन्न आकृत्या हलवायला वेळ लागे. आकृत्या कमी झाल्या की काम कमी व्हायचं आणि उरलेल्या भराभर हलायच्या. निशिकादोंना त्यात खेळाची चढण दिसली आणि त्यांनी ती तशीच ठेवली.

याच खेळाच्या अमेरिकी उभ्या यंत्रात एक गंमत आहे, जी फोनवर कधीच कळणार नाही. त्यात पडदा समोर नसतो, खाली आडवा बसवलेला असतो. त्यावरचं चित्र अर्धपारदर्शक आरशात उमटतं आणि आरशामागे चंद्रभूमीचं रंगवलेलं दृश्य असतं. त्यामुळे परग्रहवासी खऱ्याखुऱ्या पोकळीत तरंगताना दिसतात. पडदा कृष्णधवल असून रंग दिसतात, ते त्यावर चिकटवलेल्या रंगीत पट्ट्यांमुळे. सगळं काचेचं, आरशाचं आणि दिव्याचं काम.

म्हणूनच जुन्या आर्केडला जाण्याचा अर्थ पडद्यावरच्या खेळापुरता नाही. हे खेळ आज संगणकावर आणि फोनवर मिळतात, पण यंत्र मिळत नाही. अटारीच्या अ‍ॅस्टरॉइड्समध्ये, १९७९ च्या खेळात, चित्र ठिपक्यांनी बनत नाही. काचेच्या नळीतला इलेक्ट्रॉनचा झोत थेट रेघ ओढतो. दगड बारीक पांढऱ्या रेघांचे, आणि गोळी सुटते तेव्हा झोत एकाच बिंदूवर थांबल्यामुळे ती डोळ्यांत भरेल इतकी लखलखते. आजच्या सपाट पडद्यावर तो लखलखाट येत नाही. सेंटिपीडमध्ये दांड्याऐवजी टेबलात रुतवलेला गुळगुळीत चेंडू आहे. तो तळव्याने जोरात फिरवला की पडद्यावरची बंदूक तितक्याच वेगाने सरकते. एड लॉग यांच्यासोबत हा खेळ करणाऱ्या डोना बेली त्या काळी अटारीच्या आर्केड विभागात काम करणाऱ्या मोजक्या महिला प्रोग्रामरांपैकी होत्या, आणि सेंटिपीड महिलांमध्ये फार लोकप्रिय झाला. टेंपेस्टमध्ये जुन्या रेडिओच्या खुंटीसारखी गोल मूठ फिरवावी लागते. रोबोट्रॉनमध्ये दोन दांडे आहेत, एकाने चालायचं आणि दुसऱ्याने गोळ्या झाडायच्या. प्रत्येक खेळाचा हात निराळा. पहिल्या टोकनात हाताला वळण लागतं आणि दुसऱ्यात खेळ सुरू होतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला इथे एक फरक जाणवेल. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात आणि जिल्ह्याच्या गावांतही गल्लीबोळात व्हिडिओ गेम पार्लरं होती. तिथल्या पेट्या बहुधा एकसारख्या असत, आतला बोर्ड बदलला की खेळ बदले. जपानी उत्पादकांच्या संघटनेने ऐंशीच्या दशकाच्या मध्याला बोर्ड जोडण्याचं एक समान प्रमाण ठरवलं होतं, त्यामुळे हे सोपं झालं. तिथे सर्वांत जास्त गर्दी खेचणाऱ्या खेळांपैकी एक होता कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. हे नाव आपल्याकडे फारसं कुणाच्या तोंडी नव्हतं. पोरांनी त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफावरून खेळाचंच नाव 'मुस्तफा' करून टाकलं. शाळा बुडवून पार्लरमध्ये उभ्या असलेल्या मुलाला टोकन संपल्यावर दुसऱ्याचा डाव बघण्यातही तेवढीच मजा येई, आणि खेळणाऱ्याच्या कानाशी सल्ले देणारे दोघे-तिघे ठरलेले असत. फनस्पॉटच्या वरच्या मजल्यावरही शेजारच्या यंत्रावर कुणी लांब टिकला की मागे माणसं जमतात. ज्याने पार्लरचे दिवस पाहिले आहेत, त्याला ही जागा परकी वाटणार नाही.

पण पार्लरमधल्या त्या पेट्या आज कुठे आहेत? बहुतेक भंगारात गेल्या. अमेरिकेत काही यंत्रं वाचली, ती चालू ठेवणं मात्र दिवसेंदिवस कठीण होत आहे. जुन्या पडद्याची काचेची जड नळी आता जवळजवळ कुठेच बनत नाही. एक गेली की दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून बसवावी लागते. बोर्डावरचे कपॅसिटर वाळतात आणि चित्र थरथरू लागतं. खेळाची आज्ञावली ज्या चिपमध्ये असते, तिला काचेची छोटी खिडकी असते. अतिनील किरण त्या खिडकीतून आत गेले की आज्ञावली पुसली जाते, म्हणून खिडकीवर चिकटपट्टी लावलेली असते. पट्टी जपली तरी चिपमधली माहिती वर्षागणिक क्षीण होते. दांड्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या वाकतात, सेंटिपीडसारख्या यंत्रातल्या चेंडूखालच्या बेअरिंगमध्ये मळ बसतो, नाण्याच्या खाचेत टोकन अडकतं. यातलं बरंचसं काम हाताने, सोल्डरिंग आयर्नने आणि चाळीस वर्षांपूर्वीच्या सर्किटच्या आराखड्यावरून करावं लागतं. हे काम येणारी माणसंही आता थोडीच आहेत.

कलेच्या आणि खेळण्यांच्या संग्रहालयांनीही या खेळांची दखल घेतली आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पॅक-मॅन आपल्या संग्रहात घेतला. रॉचेस्टरच्या 'द स्ट्राँग' संग्रहालयाने २०१५ मध्ये व्हिडिओ गेमसाठी सन्मान-दालन सुरू केलं, तेव्हा पहिल्या सहा खेळांत पाँग आणि पॅक-मॅन होते. हा मान योग्यच आहे. पण चित्र भिंतीवर टांगून जसं जपता येतं, तसं आर्केडचं यंत्र जपता येत नाही. दांडा कुणीतरी हलवला पाहिजे, चेंडू कुणीतरी फिरवला पाहिजे, नाहीतर ते चित्रं चिकटवलेलं एक बंद कपाट उरतं. फनस्पॉटने रोज खेळणाऱ्यांच्या हाती यंत्रं देण्याचा मार्ग धरला आहे. त्यात यंत्रांची झीज होते, दुरुस्तीचा खर्च वाढतो. तरीही तोच मार्ग बरोबर आहे. ही यंत्रं विक्रमवीरांसाठी घडवलेली नव्हती. रस्त्याने जाता जाता आत डोकावणाऱ्या, खिशात दोन-चार नाणी असलेल्या माणसासाठी ती घडवलेली होती, आणि तो माणूस समोर उभा राहिला की ती कशासाठी आहेत ते कळतं.

तेव्हा बॉस्टन किंवा न्यूयॉर्कला मुलाकडे, मुलीकडे गेलेल्या मराठी आईवडिलांनी आणि तिथे राहणाऱ्यांनी उन्हाळ्यात सरोवराकडे जाताना या इमारतीसाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. दुसऱ्या शहरांतही जुन्या यंत्रांची आर्केड आहेत. काही ठिकाणी दारातच प्रवेशशुल्क घेतात आणि आत हवं तेवढं खेळू देतात. तिथे नवख्याला एकाच खेळाचे आठ-दहा डाव निवांत खेळून बघता येतात. टोकनाच्या आर्केडमध्ये मात्र दहा यंत्रांवर एकेक टोकन घालवण्यापेक्षा तीन यंत्रं निवडून प्रत्येकाला तीन-चार टोकनं द्यावीत. आधी काही वेळ मागे उभं राहून दुसऱ्याचा खेळ बघावा. यंत्रावर छापलेल्या सूचना वाचाव्यात. गॅलगा खेळताना आपलं एक विमान शत्रूला पकडू द्यावं. दुसऱ्या विमानाने ते सोडवलं की दोन्ही विमानं जोडीने गोळ्या झाडतात. पुष्कळ लोक वर्षानुवर्षं खेळूनही हे करून बघत नाहीत.

आणि कुठल्याही आर्केडमध्ये पाँगचं जुनं यंत्र चालू दिसलं, तर शेवटचं टोकन त्याच्यासाठी ठेवावं. १९७२ मध्ये अटारीच्या अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी ते केलं. पहिला नमुना दुकानातून आणलेला कृष्णधवल टीव्ही वापरून जोडला होता आणि कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका बारमध्ये ठेवला होता. काही दिवसांत तो बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न बघायला गेले, तर नाण्यांची पेटी भरून वाहत होती आणि नवं नाणं आत शिरायला जागाच नव्हती. त्या यंत्राला दोन मुठी आहेत. समोर संगणक खेळत नाही, एकट्याने खेळायची सोयच त्यात नाही. सोबत कुणी नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला विचारावं. तो बहुधा हो म्हणतो.